सातव्या पानावरच्या चार ओळी

(वर्तमानपत्राच्या कचेरीत.)

साखरबाई : तूच वाच. मला येतं वाचाया, चौथी शिकलीया मी. पर तुझ्या तोंडानं ऐकायचंय. हे सातवं पान, आन् ह्या खालच्या चार ओळी.

तौसिफ : मावशी, पाठ आहे मला ती बातमी.

साखरबाई : मग म्हणून दाव.

तौसिफ : ‘इंदापूर तालुक्यातील एका वसतिगृहात अल्पवयीन मुलीशी गैरवर्तन केल्याप्रकरणी एकावर पोक्सो कायद्यान्वये गुन्हा दाखल झाला आहे. पुढील तपास पोलीस करीत आहेत.’

साखरबाई : एका वसतिगृहात, एकावर. ह्यात माणूस कुठं हाय? उखाण्यातबी नाव घ्यावं लागतं, बाबा. तू वरकुट्याला आलास, ओट्यावर दोन तास बसलास. पोरीला एका शब्दानं इचारलं न्हाईस, नुसतं माझं ऐकलंस. म्हणून मला वाटलं, ह्यो लिवणार.

तौसिफ : लिहिलं होतं, मावशी. सहाशे शब्द पाठवले. वसतिगृह अचानक बंद केलं, मुलींना एका दिवसात घरी धाडलं, पालकांना खरं कारण सांगितलं नाही, सगळं होतं त्यात.

साखरबाई : मग ते कुठं गेलं?

तौसिफ : ते साहेबांना विचारा. हे रणजितराव. बारामती-इंदापूरची पानं हेच बघतात, मी नुसत्या इंदापूरहून बातम्या पाठवतो. साहेब, ह्या वरकुट्याच्या साखरबाई. त्या मुलीची आई.

रणजित : बसा ना ताई, उभ्या का? तौसिफ, ती खुर्ची पुढं घे. हे बघा, झालं ते फार वाईट झालं. मला त्या दिवशी झोप लागली नाही.

साखरबाई : मला बारा दिस झालं, लागली न्हाय. ते ऱ्हाऊ द्या. चारच ओळी का?

रणजित : कायदा आहे, ताई. मुलीची ओळख बाहेर येता कामा नये. नाव नाही, गाव नाही, शाळा नाही. तुमच्या मुलीसाठीच आहे तो.

साखरबाई : माझ्या पोरीला समद्यांनी वळखून झालंय, साहेब. मोबाईलवर बातम्या दावणारा एक आलता, माइक घिऊन. त्यानं माझं दार दावलं, दारातली म्हस दावली, दोरीवर वाळत घातलेला पोरीचा फ्रॉक दावला. तोंड मातुर पुसट केलं, ते बी तिच्या आत्याचं. पोरगी आत पेटीमागं बसलीवती. अर्ध्या तासात अख्ख्या गावाच्या मोबाईलवर आमचं घर. तवापस्नं तिचा बाप माझ्याशी बोलत न्हाय. म्हणतो, तूच चव्हाट्यावर आणलीस.

रणजित : बघा, म्हणूनच आम्ही तसलं काही करत नाही. जबाबदारीनं...

साखरबाई : त्यानं समदं दावलं, तुमी कायबी न्हाय. पर त्या माणसाचं दार त्यानंबी दावलं न्हाय आन् तुमीबी न्हाय. त्यात तुमी दोघं सारखंच.

रणजित : आरोपी वसतिगृहाचा अधीक्षक आहे, एवढं जरी छापलं, तरी संस्था कळते. संस्था कळली की मुलगी कळते.

साखरबाई : एकोणीस पोरी व्हत्या तितं. त्यातली माझी कंची, ते पेपर वाचून कसं कळंल? कायदा पोरीवर पांघरूण घालाया केला. तुमी त्यात त्यालाच निजवलाय.

तौसिफ : साहेब, आणि शनिवारी आपण ‘पाण्याच्या अडचणीमुळे वसतिगृहास सुट्टी’ छापलं. संस्थेच्या नावासकट, अध्यक्षांच्या फोटोसकट.

रणजित : ती त्यांची प्रेसनोट होती. आली तशी लागली.

साखरबाई : आन् समद्या आयांनी ती वाचली आसंल. टाकी फुटली म्हणत्याल, आन् बसल्या आसत्याल गप.

रणजित : ताई, तुम्हाला नेमकं काय छापून हवंय? मुलीवर काय गुदरलं ते छापलं तर लोक चवीनं वाचतात. मी पंचवीस वर्षं बघतोय.

साखरबाई : पोरीचं कायबी छापू नगा. मला त्या बाकीच्या अठरा जणींच्या आयांपतुर जायाचंय. ऐका. दिवाळीची सुट्टी सपली. पेटी भरून झाली, लाडू बांधून दिलं. आन् जायच्या दिशी सकाळी पोरीनं कात्री घिऊन वेणी कापली. मुळापस्नं. येवढी जाड वेणी. मी मारली तिला, साहेब. दोन थोबाडीत दिल्या. तर रडली न्हाय. म्हणाली, आता आप्पा मला बोलवायचा न्हाय. पोरी आप्पा म्हणायच्या त्या अधीक्षकाला. वेणी घालून देतो म्हणून हापिसात बोलवायचा. त्याच्याफुडचं मी पोलीसबाईला सांगितलंय, तुमाला सांगत न्हाय. पर पोरगी म्हणाली, आई, मला एकटीलाच न्हाय बोलवायचा.

रणजित : म्हणजे बाकीच्याही?

साखरबाई : आता त्या अठरा आपापल्या घरी हायत. कुणी जेवत नसंल, कुणी अंथरूण वलं करत आसंल. आन् त्यांच्या आया त्यांना मारत आसत्याल, जशी मी मारली. मला एकेकीची नावं ठाव हायत, घरं न्हाय ठाव. संस्था पत्ता देत न्हाय. पोलीस म्हणत्यात, आमी बघतो. समद्या गावात जातो तो तुमचा पेपर.

तौसिफ : सोमवारी जामिनाची सुनावणी आहे, साहेब. आणखी एका मुलीचा जबाब आला, तरी फरक पडेल.

साखरबाई : ह्ये पहिलं पान बगा. पणदऱ्याच्या उसात बिबट्या. दिसला म्हंजी काय, कुणीतरी शेपूट बगितलं. त्याला अर्धं पान! आन् ही चौकट. ‘पालकांनी मुलांना एकटे सोडू नये. मुले घाबरलेली दिसल्यास विचारपूस करावी.’ आठ दिस झालं रोज छापताय. बिबट्या आला की आयांना हाक मारता येती तुमाला.

रणजित : ताई, तुम्हाला आमची अडचण कळायची नाही. ही संस्था म्हणजे अर्धा तालुका आहे. हा तौसिफ तिथंच शिकला. माझी बायको बारा वर्षं तिथं शिकवते.

साखरबाई : मग तिला इचारलं का तुमी?

रणजित : काय विचारायचं?

साखरबाई : तिला ठाव व्हतं का, ते.

रणजित : चहा सांगू का? तौसिफ, खाली तीन चहा सांग.

साखरबाई : चहा नगं. इचारलं का?

रणजित : नाही विचारलं.

तौसिफ : साहेब, एक करता येईल. नाव, गाव, संस्था काहीच नको. नुसती चौकट. तालुक्यातल्या वसतिगृहातून मुली नुकत्याच घरी आल्या असतील, तर आईवडिलांनी त्यांच्याशी शांतपणे बोलावं. मारू नये, रागावू नये. काही कळलं तर महिला पोलिसांना भेटावं, नाहीतर एक शून्य नऊ आठ ह्या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करावा. ह्यात कोणती मुलगी ओळखू येते?

रणजित : लिही. बसून आत्ताच लिही. मी स्वतः पुण्याला, मुख्य कचेरीत पाठवतो. रविवारी लागेल. तुझं नाव टाकू खाली?

तौसिफ : नको. खाली तौसिफ शेख दिसलं, की लोक बातमी सोडून नावच वाचतात. मग गोष्ट भलतीकडंच जाते.

साखरबाई : साहेब, रविवारी नक्की?

रणजित : माझ्या बाजूनं पूर्ण प्रयत्न करतो.

साखरबाई : आसं म्हणालं की ते व्हत न्हाय. पोलीसबी त्येच म्हणत्यात.

(पुढच्या बुधवारी दुपारी. अंथुर्ण्याच्या एसटी थांब्यावर.)

तौसिफ : मावशी! वरकुट्याला जाऊन आलो मी. काका म्हणाले, अंथुर्ण्याला गेलीय. फोन का लागत नाही तुमचा?

साखरबाई : बंद पडलाय. बस हितं सावलीला. रविवारचा पेपर बगितला मी. समदी पानं बगितली, सिनेमाचंबी.

तौसिफ : साहेबांनी पाठवली होती चौकट. पुण्यात काढून टाकली. पालकांमध्ये घबराट पसरेल म्हणाले.

साखरबाई : आन् बिबट्यानं पसरत न्हाय?

तौसिफ : त्याच जागेवर त्याचा फोटो लागला. शनिवारी पिंजऱ्यात सापडला तो.

साखरबाई : बगितला. मोठा आलाय फोटू. समोरून. त्याचं तोंड नीट दिसतंय.

तौसिफ : साहेबांनी सोमवारी परत पाठवली. मंगळवारी परत. त्यांनी बायकोला विचारलं, मावशी.

साखरबाई : काय म्हणाली?

तौसिफ : म्हणाली, ‘आम्हाला वाटायचं, आप्पा मुलींचं किती करतात.’

साखरबाई : हं.

तौसिफ : जामिनाचं कळलं का तुम्हाला?

साखरबाई : मी कोर्टात न्हवते. पर कळलं. तू सांग, त्याचा वकील काय बोलला?

तौसिफ : कशाला ऐकताय?

साखरबाई : सांग.

तौसिफ : म्हणाला, तिथं एकोणीस मुली राहत होत्या. अठरांची काहीएक तक्रार नाही. एकीलाच घरी राहायचं होतं, म्हणून तिनं सांगितलं. मग जामीन झाला. निकाल लागेपर्यंत इंदापूर तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही, अशी अट घातलीय.

साखरबाई : अठरांची तक्रार न्हाय. अठरांना इचारलं कुणी?

तौसिफ : त्याची बातमी आली काल. तीन ओळी.

साखरबाई : एक ओळ कमी झाली की रं.

तौसिफ : मावशी, मी सोडतो ही पेपरची भानगड. भावाचं टायरचं दुकान आहे, तिथं बसतो.

साखरबाई : सोड न्हायतर धर. मला त्याचं काय? माझं काम म्या सुरू केलंय. पोरगी गावं सांगती. हजेरीला नावाबरोबर गाव घ्यायचे म्हणं, तिला समदी तोंडपाठ. गुरवारपस्नं नऊ गावं झाली. एसटी न्हाय तितं चालत. गावात जायाचं, वसतिगृहातल्या पोरीचं घर कंचं म्हणून इचारायचं.

तौसिफ : आणि काय सांगता तुम्ही त्यांना?

साखरबाई : माझं सांगते. दुसरं काय सांगू? मी पोरीला मारली, तुमी मारू नगा, येवढंच म्हणते. एका घरात बसाया पाट दिला, आन् ऐकून घेतल्यावर काढून घेतला. एक म्हणाली, तुझी पोरगी वाया गेली म्हणून आमच्या पोरींच्या मागं लागलीस व्हय? पणदऱ्यात एका बाईनं समदं ऐकलं. चहा दिला. मग दारापतुर सोडाया आली आन् म्हणाली, परत यिऊ नगा, आमाला लगीन करायचंय पोरीचं. पोरगी आठवीत हाय.

तौसिफ : कुणीच नाही म्हणालं?

साखरबाई : कुणी म्हणालं न्हाय आन् कुणी न्हाईबी म्हणालं न्हाय. डोळ्यातनं कळतं की. हितं बनाबाई म्हणून हाय एक. तिच्या दारात उभ्या उभ्याच पोरीच्या वेणीचं सांगितलं, तवर आतनं म्हातारा खाकरला. तिनं दार लावलं. पर लावताना माझ्याकडं बगितलं तिनं. म्हणून बसलीया मी. दोन एसट्या सोडल्या.

तौसिफ : येईल असं वाटतंय?

साखरबाई : ती बग. डोईवर पदर घिऊन येतीया ती.

बनाबाई : गेला न्हाईसा नव्हं? मला वाटलं, गेलासा. सासरं बसलंवतं घरात, म्हणून दार लावलं. राग धरू नगा.

साखरबाई : राग कशाचा? बस. पाणी पी.

बनाबाई : तुमी गेल्यावर इचारलं मी तिला. तुमी दारातनं सांगितलं तसंच. रागावले न्हाय.

साखरबाई : काय म्हणाली?

बनाबाई : कायच न्हाय. कपाटाच्या मागं जाऊन बसली. मग मीबी तितंच जाऊन बसले, अंग चोरून. लई येळ. मग म्हणाली, ‘तिनं वेणी कापली ते बरं केलं. मला कात्री घावली न्हाय.’

साखरबाई : जवळ सरक माझ्या.

बनाबाई : घरी आल्यापस्नं मी रोज तेल लावून घट्ट घालायची हो तिची वेणी. ती रडायची, आन् मी म्हणायची, नखरं करती.

साखरबाई : रडून घे. हितं थांब्यावर तुझ्या गावचं कुणी न्हाय आत्ता.

बनाबाई : जबाब द्यायचा म्हंजी कुठं जायाचं? घरी पोलीस आणू नगा. सासरं ठिवायचं न्हाईत मला.

साखरबाई : घरी न्हाय येत कुणी. इंदापूरला एक पोलीसबाई हाय, साध्या कापडात आसती. पोरीला हळू इचारती. मध्येच थांबली तर थांबू देती. मी बसते तुझ्याबरं. उद्या दहाची एसटी.

बनाबाई : पोरीला दवाखान्यात दावायचं सांगून निघते. ह्ये कोण?

साखरबाई : ह्यो तौसिफ. इंदापूरचा हाय. पेपरवाला.

बनाबाई : पेपरवाला? न्हाय बाई. मग मला न्हाय जमायचं. उद्या समदं छापून यील, आन् मी मेले.

तौसिफ : नाही हो ताई, मी...

साखरबाई : न्हाय यायचं, बनाबाई. त्याची काळजी तू करू नगं. कुठंच येत न्हाय.