पूर्वेचा वारा

शहाद्याहून नंदुरबारला जाणाऱ्या एस.टी.त माझ्या मागच्या सीटवर बाप-लेक बसले होते. मुलीची पायलटची लेखी परीक्षा होती आणि वडील मोबाईलवरच्या सराव पेपरातले प्रश्न तिला विचारत होते.

“विमान उत्तर दिशाले चालनं. वारा पश्चिमना—”

“उजवीकडे सरकेल. पुढचा.”

“मन्हं पुरं वाचनं तरी व्हऊ दे! आते ऐक, भाविका. विमान उत्तरले चालनं. वारा पूर्वना—”

“उजवीकडे! पप्पा, तोच प्रश्न परत काय विचारता?”

“तोच नई शे. मी वारा बदली टाका. पूर्वना वारा तुले पूर्वलेच कसा ढकली?”

“असं कशाला करता? पेपरात पश्चिमेचाच आहे. अकरा वेळा सोडवलाय मी तो. अठ्ठ्याण्णव टक्के पडतात.”

“आन् ह्याच अठ्ठ्याण्णववर मी आख्खा ब्राह्मणपुरी गावमां पेढा वाटात?”

“सगळेच पाठ करतात, पप्पा. परीक्षेत यातलेच प्रश्न येतात.”

“सारंगखेडानी जत्रामां मालकनी घोडा फिरवी दावा, म्हणीसन आपण तो लेतस का?”

“नाही. तुम्ही स्वतः बसून नदीकडे नेता.”

“कसाले?”

“मालकाच्या हाताखाली कुठलाही घोडा शहाण्यासारखाच चालतो.”

“मंग? वर आभायमां वारा तुले इचारीसन येवाव शे का?”

“पप्पा, हळू बोला ना. लोक ऐकताहेत.”

“ऐकू दे! उद्या ह्याच लोके बसतीन तुन्हा विमानमां.”