भावंडांचा रकाना

लातूरच्या पोलीस कार्यालयात पडताळणीच्या रांगेत माझ्यापुढे किल्लारीचे मडिवाळप्पा आणि त्यांची इंजिनिअरिंगला असलेली लेक स्वप्नाली बाकावर बसून फॉर्म भरत होते.

"सुट्टीत दोन महिने संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करायचं, अप्पा, वर पगारबी हाय. म्हणून घरच्यांची सगळी माहिती लागती. आजोबांचं नाव झालं. आता भावंडं."

"एक लिही."

"मी एकटीच हाय की!"

"तुझ्या आधी एक होती. शिवलीला. भूकंपात गेली. चार वर्षांची होती."

"मला कधी बोलला न्हाईत तुम्ही."

"तुझ्या आईला सोसत नव्हतं. पण खाली लिहिलंय न्हवं, माहिती लपवली तर निवड रद्द म्हणून?"

"जन्मतारीख?"

"श्रावणातला सोमवार होता. तारीख ध्यानात न्हाई."

"शिक्षण?"

"बालवाडीत जायाची. पाटी उशाला घेऊन झोपायची."

"अप्पा, रडू नका. लोकं बघायलेत."

नंबर आला. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म वाचला आणि परत सरकवला.

"मयत माणसं लिहायची न्हाईत, ताई. हयात असतील तेवढीच लिहा."

"साहेब, तिचं नाव खोडायला सांगू नका. जुन्या गावात सगळी कागदं दबली. दुसरीकडं कुठंच नाव न्हाई तिचं."

"खोडू नकाच, काका. खाडाखोड चालत न्हाई. नवा फॉर्म घ्या. आज शेवटचा दिवस हाय."

दोघं पुन्हा बाकावर बसले.

"अप्पा, भावंडं... निरंक लिहू?"

"लिही, बाळा."