मिस गॅडिसचं नाव

थर्मन : आहे तेच टाइप करा ना काका. मागचाच दावा, वर फक्त 'दुरुस्त' असं लिहायचं. झालं काम.

एझेल : तसं होत असतं तर तुरुंगाच्या या ग्रंथालयात टाइपरायटर बडवत मी म्हातारा झालो नसतो. जजने काय लिहिलंय ते नीट वाचलंस का?

थर्मन : वाचलं. अर्धा दावा ठेवलाय, अर्धा फेकलाय. महिन्याभरात दुरुस्त करून पाठवा म्हणतो.

एझेल : ठेवलाय कुठला?

थर्मन : तुम्हाला माहीत आहे.

एझेल : मला माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

थर्मन : मिस गॅडिसवरचा.

एझेल : आणि फेकलाय कुठला?

थर्मन : झडतीवाल्यांवरचा. 'काही अधिकाऱ्यांनी माझे हाल केले' एवढ्यावर कोर्टाला काही करता येत नाही म्हणे. कोणी केलं, काय केलं, कसं केलं, ते लिहा.

एझेल : म्हणजे जे बाहेरून आले, झडती घेऊन गेले, ते सुटले. आणि अडकली कोण, तर आपल्या बराकीवरची मिस गॅडिस. बरं. तिने तुझं काय केलं?

थर्मन : दाव्यात लिहिलंय.

एझेल : लिहिलंय ते मला पाठ आहे. 'ऑफिसर गॅडिस यांनी माझ्या पोटावरच्या पिशव्या काढून घेतल्या आणि मला घाणीत ठेवले.' खाली तुझी सही. सहीच्या वर काय छापलंय?

थर्मन : वरचा मजकूर खरा आहे, खोटा निघाल्यास शिक्षा होईल. आता काका, आपण दोघंही शिक्षाच भोगतोय. आणखी काय तुरुंगात टाकणार?

एझेल : विनोद तुला जमत नाही रे. कॉफी ओत त्यापेक्षा. आणि एक नियम नीट ऐकून घे, यात भलेभले फसतात. दुरुस्त दावा म्हणजे जुन्याला लावलेलं ठिगळ नव्हे. नवा कोर्टात पोचला की जुना संपला. 'मागे लिहिलं आहेच' असं म्हणायची सोय नाही. नव्यात जे नाही, ते कोर्टासाठी घडलंच नाही. म्हणून पहिल्यापासून सांग. झडतीच्या दिवसापासून.

थर्मन : तुम्हीही होतात की बराकीत.

एझेल : मी माझ्या कोठडीत होतो. तुझ्या कोठडीत तू होतास.

थर्मन : काय सांगायचं? काळ्या कपड्यातली टोळी आली. आम्हाला चड्डीवर बाहेर काढलं, भिंतीला तोंड करून उभं केलं. सामान बाहेर भिरकावलं. माझं खोकं होतं, दवाखान्यातून मिळालेलं, महिन्याच्या पिशव्यांचं. मानेवर गोंदण असलेल्या एका उंच माणसाने उघडून बघितलं, म्हणाला, एवढं सामान ठेवायची परवानगी नाही. आणि टाकलं कचऱ्याच्या गाडीवर.

एझेल : तू बोललास काही?

थर्मन : बोललो. म्हटलं, साहेब, माझं आतडं कापलंय, पोटाला पाडलेल्या भोकातून मळ या पिशवीत येतो, ते औषधाचं सामान आहे. तो दुसऱ्याला म्हणाला, बघ, याला डायपर हवेत. हसले सगळे.

एझेल : नावं?

थर्मन : छातीवरच्या नावांवर काळी पट्टी चिकटवून येतात ते. तुम्हाला ठाऊक आहे.

एझेल : मला ठाऊक आहे, जजला नाही. हे का नाही लिहिलंस?

थर्मन : फॉर्मवर पहिलाच रकाना होता, प्रतिवादीचं नाव. नाव नसलं तर दावा परत येतो, असं वाटलं मला. रिकामा रकाना ठेवून पाठवायचा कसा? आणि त्या सगळ्या आठवड्यात मला नाव माहीत असलेलं माणूस एकच होतं.

एझेल : अरे लेका, 'अज्ञात अधिकारी' लिहिलेलं चालतं. 'अज्ञात अधिकारी, उंच, मानेवर गोंदण, याने खोकं फेकलं.' पुढे कोर्ट त्यांच्या हजेरीवरून नावं काढायला लावतं. निम्मे दावे तसेच चालतात. मला विचारायचंस.

थर्मन : विचारलं असतं तर तुम्ही बाकीचंही विचारलं असतं.

एझेल : ते आता विचारतो. खोकं गेल्यावर काय झालं?

थर्मन : सगळ्यांना कोंडून ठेवलं होतं. अंगावर होती ती पिशवी दोन दिवस पुरवली. मग ती सुटली.

एझेल : सुटली म्हणजे?

थर्मन : सुटली म्हणजे सुटली, काका! काय होतं पिशवी सुटल्यावर? चित्र काढून देऊ?

एझेल : नको. शब्दात सांग. मला ते कागदावर लिहायचंय.

थर्मन : अंगभर झालं. गादीवर, जमिनीवर. सोबतीचा डेंटन दाराला तोंड लावून ओरडत होता, याला बाहेर काढा, मला बाहेर काढा. त्याची काय चूक? पोटाची कातडी सोलवटून निघाली होती. मी चादर फाडून बांधत होतो. रात्रपाळीचा एकजण झरोक्यातून बघून गेला. नाक दाबून. परत आला नाही.

एझेल : आणि गॅडिस कधी आली?

थर्मन : सकाळी. दोन दिवसांच्या सुट्टीनंतरची तिची पाळी.

एझेल : हं. मग?

थर्मन : मग काही नाही.

एझेल : थर्मन.

थर्मन : पुढचं राहू द्या ना. तिने पिशव्या काढून घेतल्या नाहीत, हे मी कबूल करतो. झालं समाधान? लिहिताना चुकलं.

एझेल : चुकलं नाही, खोटं लिहिलंस. दोन्हीत फरक आहे. आता तिची काय अवस्था आहे माहीत आहे?

थर्मन : बराकीवरून काढलंय.

एझेल : कोर्टाचा माणूस तिच्या घरी जाऊन कागद देऊन आला. आता फाटकावर असते, येणाऱ्या गाड्यांच्या डिक्क्या उघडून बघते. दिवसभर उभी. तिच्या गुडघ्यांचं तुला माहीत आहे. निवृत्ती तोंडावर आलीय आणि वरती तिची चौकशी लावलीय.

थर्मन : दिसली मला. दवाखान्यात नेत होते तेव्हा फाटकाजवळून गेलो.

एझेल : काय म्हणाली?

थर्मन : 'गुड मॉर्निंग, मिस्टर टिडवेल.' नेहमी म्हणायची तसंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, काका. थुंकली असती तरी चाललं असतं.

एझेल : ऐक आता. तुला एक सोपी वाट आहे, ती सांगणं माझं काम आहे. नव्या दाव्यात तिचं नाव घालायचंच नाही. झाली ती मोकळी. का वगळलं, हे सांगायची सक्ती नाही.

थर्मन : असं चालतं?

एझेल : चालतं.

थर्मन : मग तसंच करा! आधी का नाही सांगितलंत? उगाच मला सोलत बसलात. तिचं नाव काढा, झडतीवाल्यांचं लिहा, संपलं!

एझेल : पुरतं ऐकून घे. तिला काढलं की तुझ्याकडे नाव असलेला एकही प्रतिवादी उरत नाही. उरले अज्ञात. ते म्हणणार, खोकं नव्हतंच, हा माणूस खोटारडा आहे, आधी एका बाईवर घातलं, आता आमच्यावर घालतोय. तुझा जुना दावा त्यांच्या वकिलाच्या हातात असणार. त्यावर तुझी सही. काय उत्तर देशील?

थर्मन : डेंटन आहे ना साक्षीला.

एझेल : डेंटनची बदली झाली. आणि कैद्याच्या साक्षीची किंमत तुला मी सांगायला नको. त्या सकाळी तुझी दशा डोळ्यांनी बघितलेलं, वर्दीतलं माणूस एकच आहे.

थर्मन : तिने खोकंही बघितलं होतं. झडतीवाले जाताना ती कचऱ्याच्या गाडीमागे धावली होती, हे औषध आहे, खाली ठेवा म्हणत. ते ऐकतायत कसले.

एझेल : मग तिची साक्ष हवी तर हे सगळं लिहावं लागेल. आधी खोटं लिहिलं, हेही. खरं सांगतो, तरीही केस उडू शकते. जज चिडला तर खोट्यावर सही केल्याबद्दल तुला फैलावर घेईल. पण निदान तू खरं सांगतोयस, हे सांगणारं कोणीतरी असेल. तिची मर्जी असेल तर.

थर्मन : रोशेल वाचेल.

एझेल : तुझी मुलगी?

थर्मन : वकिलाच्या कचेरीत कामाला आहे ती. कोर्टाचे कागद कोणालाही बघता येतात, तिला तर बसल्या जागी. तिला पिशवीचं माहीतच नाही. ऑपरेशन झाल्यापासून मी तिला भेटीला येऊ दिलेलं नाही. तिला वाटतं, बापाला तिचं तोंड बघायचं नाही.

एझेल : हे मला माहीत नव्हतं.

थर्मन : कोणालाच नाही. खाली भेटीच्या हॉलमध्ये बसून मुलीशी बोलताना पोटातून आवाज आला तर? वास आला तर? लहान असताना खांद्यावर घेऊन मिरवायचो मी तिला. आता ती वाचणार की बाप... नाही काका. एवढं मला नाही होणार.

एझेल : मग नको. जबरदस्ती नाही. सोपी वाट आहे, तीच टाइप करतो. तुझा दावा आहे, माझा नाही.

थर्मन : थांबा.

एझेल : थांबलो.

थर्मन : तुम्ही विचारलंत ना, तिचं नाव का घातलं. फॉर्मचं मी सांगितलं ते खरं आहे. पण सगळं खरं नाही.

एझेल : हं.

थर्मन : ती सकाळी आली. झरोक्यातून बघितलं. नाक दाबलं नाही. दार उघडून घेतलं, मला न्हाणीत नेलं. मला हात उचलता येत नव्हते, काका. तिने हातमोजे घातले आणि... त्या दुखऱ्या गुडघ्यांवर ओल्या फरशीवर बसली. आणि धुतलं मला. सगळं. लेकराला धुवावं तसं. माझ्याहून वयाने थोडी मोठी असेल ती. मग स्वतःच्या डब्याची प्लास्टिकची पिशवी रिकामी केली, सँडविच बाकावर ठेवलं, आणि ती पिशवी चिकटपट्टीने माझ्या पोटावर लावून दिली. तिच्या वडिलांना होती म्हणे अशीच. काही लाजायचं नाही, म्हणाली.

एझेल : आणि त्या बाईवर तू...

थर्मन : त्यानंतर ती रोज सकाळी यायची. 'गुड मॉर्निंग, मिस्टर टिडवेल.' सगळ्यांना म्हणायची तसंच. आणि मला रोज ती न्हाणी आठवायची. ज्यांनी हाल केले ते निघून गेले, मला त्यांचे चेहरेही आठवत नाहीत. पण हिने मला बघितलं होतं. तिला बराकीवरून हलवतील, मला तिचं तोंड बघावं लागणार नाही, एवढंच डोक्यात होतं. फॉर्मच्या रकान्यात नाव लिहिताना मला बरं वाटलं, काका. एवढा नीच आहे मी.

(एझेल जुना कागद काढून टाइपरायटरमध्ये कोरा सरकवतो. थर्मनची मान खाली आहे. दोन्ही हात पोटावर दाबून तो बसलाय. वर बघायची त्याची छाती होत नाही.)

एझेल : नीच बरेच बघितलेत मी इथे. ते असं सांगत नाहीत. बोल, काय टाइप करू? सोपी वाट की दुसरी?

थर्मन : ती फाटकावर उभी आहे ना अजून?

एझेल : आत्ताही असेल.

थर्मन : मग दुसरी. सगळं लिहा. आधीच्या दाव्यात मी ऑफिसर गॅडिस यांच्याबद्दल लिहिलं ते खोटं होतं, तिथून सुरू करा. रोशेलला मी आधी फोन करीन. कागदावरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे.

एझेल : 'ते खोटे होते.' पुढे?

थर्मन : पुढे झडतीचं, खोक्याचं. मानेवर गोंदणवाल्याचं, डायपर म्हणाला तो. मग ती रात्र. पिशवी सुटली ते. कातडीचंही घाला.

एझेल : घातलं. मग सकाळ. 'ऑफिसर गॅडिस यांनी मला न्हाणीत नेले व स्वतःच्या हाताने धुतले.' असं चालेल?

थर्मन : चालेल. गुडघ्यांवर बसून, असं लिहा.

एझेल : 'गुडघ्यांवर बसून.' डब्याची पिशवीही घातली. आता शेवटचं, झडतीवाल्यांचा वकील हे विचारीलच. त्यावर तू तिला काय म्हणालास?

थर्मन : काही नाही.

एझेल : काहीच नाही? थँक यूसुद्धा?

थर्मन : मी भिंतीकडे तोंड केलं होतं. 'झालं हं, मिस्टर टिडवेल,' म्हणाली, तरी वळलो नाही.

एझेल : हे गाळलं तरी दाव्याचं काही अडत नाही.

थर्मन : नाही काका. तेही लिहा.