आईच्या पिशवीतला कॅमेरा

विमानतळावर कस्टमच्या रांगेत पुढच्या नवरा-बायकोची कुजबुज मागे उभ्या असलेल्या एका नर्सच्या कानावर पडत होती.

"नवा कॅमेरा कुठे ठेवलास?"

"आईच्या पिशवीत. शालीत गुंडाळून."

"आईंना सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तिचा चेहराच बोलला असता."

"अरे, अजून वेळ आहे. डिक्लेअर कर, ड्यूटी भरून मोकळे होऊ."

"गप्प बस. म्हाताऱ्या बाईला कोण अडवतंय?"

तेवढ्यात पुढे टेबलावर त्याच्या आईची पिशवी उघडली गेली. शाल बाजूला झाली. नर्सने स्वतःची पर्स उगाच घट्ट धरली.

"आजी, हा कॅमेरा कोणाचा?"

आईने वळून मुलाकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

"माझाच आहे, साहेब. जुनाच आहे."

"बरं," अधिकारी म्हणाला. "मग चालू करून दाखवा."