भरलेलं पिंप

हिरू — आई, सरक. मला पिंप उपडं करू दे.

गोदूबाई — नाय. दिवेलागणीला भरलं भांडं रितं करतात का रं? घरात लक्ष्मी टिकंल?

हिरू — शिमग्यापास्नं तू ते रितं केलंच नायस. एक कळशी काढली की एक वतली. तळाचं पानी तसंच. वाकून बघ, अळ्या हायत.

गोदूबाई — वाकून? वाकता आलं असतं तर—

हिरू — तेच सांगतोय ना! डॉक्टर काय बोलला? असल्या साठल्या पान्यातला डास दिवसा चावतो. त्याचाच ह्यो तुझा ताप. ताप गेला, पन सांधे धरले ते धरलेच.

गोदूबाई — डॉक्टरला काय! मालोजीच्या पोरीचा ताप मेंदूत चढला, तवा म्हनला, भाताच्या खाचरातले डास. मंग शेत बी उपडं करतोस?

हिरू — शेत उपडं करता येत नाय. पिंप येतं.

गोदूबाई — आनलं कुनी ते? रसायनीच्या तुझ्या कारखान्यातनं, टेंपोत घालून! ‘आई, आता तुझ्या विहिरीच्या खेपा कमी.’ सगळ्या आळीला दाखवत फिरलास.

हिरू — ...मीच आनलं.

शकू — (आतून) आवं... मला उठवता का? गुडघा वळंना.

हिरू — ऐकलंस? आता तुझ्या सुनेला बी.

गोदूबाई — कवापास्नं गं, शकू?

शकू — सकाळपास्नं अंग तापलंय. फुंकनी हातातनं पडली. बोलले नाय, आई. तुमी तशाच उठून पान्याला गेला असता.

गोदूबाई — अगं, पन...

हिरू — आई. सरक.

गोदूबाई — ती आडवी. माझ्या बोटांत दोर ऱ्हात नाय. हे वतलंस तर पानी कोन आनील?

हिरू — मी.

गोदूबाई — तू? बाप्या मानूस, डोक्यावर कळशी? बाया पदर तोंडात घालून हसतील. त्यो गजा तर पारावरनं ‘वहिनी’ म्हनून हाक मारील.

हिरू — मारू दे. ओ देईन.

गोदूबाई — आनि शिफ्टला कवा जाशील?

हिरू — पानी भरून. पाय काढ, भिजशील.

(पिंप कलंडतं. पाणी अंगणभर.)

गोदूबाई — अगं बाई... किती वळवळतायत. हीच का रं ती?

हिरू — हीच. कळशी दे. चुंबळ कुठं हाय?

गोदूबाई — खुंटीला. पन ती माझ्या डोक्याची, तुला ल्हान व्हईल. थांब. माझं जुनं लुगडं आन, फाड त्यातलं.

हिरू — तू वळून देतेस?

गोदूबाई — ह्या बोटांनी? बस हितं. मी सांगते, तू वळ.