चेंडू कपाळाले लावला म्हनून

लिहा मास्तर, पन मी जसं सांगतो तसंच लिहा, मांगून त्यात साखर घालू नोका, कारन हे गोड नाही. माह्यं नाव पुंजाजी, गाव आसेगाव, आन आमचं काम चामड्याचं, आमी चांभार, हे बी लिहा, लपवाचं काय त्यात. माह्या बापानं जिनगानीभर मोटा शिवल्या. ज्याच्या वावरात इहीर त्याच्या इहिरीवर माह्या बापाच्या हातची चामड्याची मोट, बैल वढत, पानी वर येये, आन मोट फाटली का मालकाचा मानूस पळत आमच्या दारी, चाल लवकर म्हने, मिरची वाळून राह्यली. तवा बलावनं लवकर येये. पन त्याच वावरात माह्या बापाले तहान लागली त दूर बसून ओंजळ धराची आन वरून कोनी वतलं त प्याचं. मी त्याच्या हाताखाली शिकलो, आरी, रापी, मेनाचा दोरा. लहानपनी मले याचा राग नाही ये, खरं सांगतो. सारे तसेच जगत होते, मले वाटे असंच राह्यते. राग मंग आला, आन आला तो अजून बसला नाही.

त फुटबालचं इचारता ना तुमी. गोऱ्याइचं राज्य होतं तवाची गोठ. कारंजाले कापसाच्या जिनवाल्या एका शेटनं क्लब काढला, आन क्लब म्हंजे काय सांगू तुमाले, साऱ्या वऱ्हाडात तसा दुसरा नव्हता, पोट्ट्याइले राहाले खोल्या, सकाळी दूध, मालिश कराले पहेलवान, अकोल्याच्या अमरावतीच्या टीमा खेळाले येत, नागपूरवरून बी येत, आन बैलबंड्या जुपून लोकं पाहाले येत. आता चेंडू चामड्याचा. आत रबराचा फुगा, वरून चामड्याचे तुकडे, आन तोंडाशी जोड्यासारखा बंद. तो उसवला का शिवाले मानूस पाह्यजे. म्हनून मले ठेवलं. मैदानाच्या कडेले बाभळीखाली बसाचं, फाटला त शिवाचा, नाही फाटला त बसून राहाचं. पोट्ट्याइचा पान्याचा माठ दुसऱ्या बाजूले. मी माह्या तुंब्यातलं पानी पेवो.

पन बसून बसून मानूस पाहाले शिकते ना. दुसऱ्याइची नजर चेंडूवर राहे, माही पायावर. जोड्याचा तळवा पाहून मी सांगो हा मानूस कसा चालते, कोनत्या पायावर भार देते, धंदाच तो. मनेजर होता बाहेरून आनलेला, कोटवाला, इंग्रजी बोले फडफड. तो पोट्टा निवडे त त्याचा बाप कोन, कोनाची चिठ्ठी आनली, उंच हाये का, गोरा हाये का, एवढं पाहे. एक डाव त्यानं एका वकिलाचा पोरगा आनला, दिसाले मस्त, मी दोन दिस पाह्यला आन म्हनलं, साहेब, याचा उजवा पाय आतून पडते, हा गुडघा चार महिने टिकत नाही. तो हासला, म्हने पुंज्या, तू जोडे शीव. चार महिने कायचे, तिसऱ्याच महिन्यात पोट्टा काठी टेकत घरी गेला. मंग मनेजर एक दिस बाभळीखाली आला, उभाच राह्यला, बसला नाही, आन म्हने, काय गा, तू बजारात फिरतं ना, एखादा पोट्टा दिसला त सांगत जाय.

तवापासून मी पोट्टे हुडकाले लागलो. जोड्याची झोळी खांद्यावर, या बजारातून त्या बजारात. दुरून दुरून सांगावे येत. केनवडले एक पोट्टा वारा हाये म्हनून कोनं सांगितलं, मी दोन दिस पायी गेलो, जाऊन पाह्यतो त पोट्टा नाही, चाळीस वर्साचा बाप्या, दोन लेकराचा बाप, म्हने मीच तो, लहानपनी लय पळो. आता हासता तुमी, मी तवा शिव्या देत आलो परत. पन पाच-सहा खरे बी काढले मी, आन ते क्लबात उभे राह्यले. नाव मनेजरचं होये. होऊ दे म्हनलं. मले तवा एवढंच पाह्यजे होतं का मी सांगतो तो पोट्टा मैदानात उतरावा.

आन मंग शेषराव. इंझोरीचा, नारायनबुवाचा पोरगा, वावर-बैलवाले लोकं. आसेगावच्या बजारात बापाचा जोडा घेऊन आला, टाच निघेल होती, आन जोडा होयेपर्यंत उभा राह्यला. तिथं एक कवठ पडेल होतं. हा पोट्टा दुसऱ्या पोट्ट्याशी बोलून राह्यला, कवठाकडं पाहूनच नाही राह्यला, आन पाय मातर ते कवठ या पायातून त्या पायात, त्या पायातून या पायात, फुटू बी नाही देल्लं त्यानं. माही आरी हातातच राह्यली. पंधरा-सोळा वर्साचा आसन. मी म्हनलं, जोडा उद्या भेटन, परत ये. खोटं बोललो. मले त्याले दुसऱ्या डाव पाहाचं होतं.

नारायनबुवाच्या दारात मी नाही गेलो, माह्यं काम नाही ते, मनेजरले पाठवलं. त्यानं दूध सांगितलं, शाळा सांगितली, बाप तयार झाला. पोट्टा क्लबात आला आन महिन्याभरात साऱ्याइले कळलं का हे काय आलं म्हनून. मले पुंजाबा म्हने. त्या क्लबात मले बा म्हननारा तो एकच.

आता ध्यान देऊन आयका, भांडन इथं हाये. गोऱ्या पलटनीची टीम दरसाल येये आन आमाले हारवून कप घेऊन जाये. काहून? ते सोजीर वरून आलेला चेंडू कपाळानं मारत. आमचे सारे पोट्टे चेंडू वरून आला का मान वाकडी करत. ढोराचं चामडं. पायाले लागलं त पाय धुवून घरात जाता येते, डोक्याले कसं लागू देनार, घरी मायनं सांगून धाडेल राहे. मी मनेजरले म्हनलं, साहेब, हे जोपर्यंत डोकं लावत नाही तोपर्यंत कप इथं येत नाही. मनेजर म्हने, मंग शिकव ना तू, तुले कोन नाही म्हनते. हे त्याचे शबुद. आमच्या टीमचा कप्तान बाजूले उभा होता, त्यानं बी आयकलं. तू शिकव, म्हने.

मी जुन्या मोटेच्या चामड्याचा चेंडू केला, आत सरकी भरली, आन बाभळीच्या फांदीले दोरानं टांगला, मानसाच्या डोक्याच्या वर. शेषरावले म्हनलं, डोळे उघडे ठेव, टाळूनं नाही, कपाळानं मार. तो उभाच. मी सोता उडी मारून दाखवली, त्या वयात. त तो पोट्टा म्हने, पुंजाबा, तुमचं काय, तुमी चांभार. मनात वाईट नव्हतं त्याच्या, जे आयकत आला ते बोलला. पन मले असं लागलं, मी दोन दिस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिसी सकाळी येऊन पाह्यतो त हा एकटाच बाभळीखाली उड्या मारून राह्यला, कपाळ बंदानं खरचटून लाल झालं, आन मले पाहून म्हने, असं का पुंजाबा? मी म्हनलं, असं नाही, मान ढिली हाये तुही. आन मी तोंड फिरवलं, कारन मले रडू आलं होतं.

मंग त्याच्या चेंडूचा बंद मी आत दाबून शिवो, वरून तेल चोळो, कपाळ कापू नाही म्हनून. दोन-तीन महिन्यात तो असा डोकं लावे का चेंडू जिथं म्हनलं तिथं जाये.

त्या साली पलटन आली. बरोबरीत खेळ, आन शेवटी कोपऱ्यातून चेंडू आला, उंच, चार सोजीर उभे, आन त्याइच्या मधून हा काडीसारखा पोट्टा उठला. गोल. लोकं मैदानात घुसले, शेटनं सोताच्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला, मनेजरनं मुका घेतला त्याचा, आन त्याच कपाळाचा घेतला, लिहा हे. कप शेटच्या बंगल्यात गेला, अजून तिथंच हाये.

आठ दिस नाही झाले. इंझोरीचे लोकं खेळ पाहाले आलेच होते. गावात गवगवा, नारायनबुवाचं पोरगं चामडं डोक्यावर घेते. शेषरावच्या बहिनीची सोयरीक जुळेल होती, तिकडून निरोप आला, आधी हे निस्तरा, नाही त दुसरं घर पाहा. त्याइच्या जातीचे पंच बसले. पंचाइनं बापाले सांगितलं, पोराले कोनं जबरदस्ती केली आसन त त्याचा दोष नाही, आंघोळ करन, मोकळा होईन, खेळू बी द्या. पन सोताच्या मनानं लावलं आसन त मुंडन, आंघोळ, आन पुन्ना चेंडूले पाय लावनार नाही म्हनून सपत.

मी शेषरावले धरलं. म्हनलं, सोपं हाये बेटा, माह्यं नाव घे, पुंज्या चांभारानं जबरदस्तीनं टेकवला म्हन. तो खाली मान घालून चालला गेला. मंग मी मनेजरकडं पळालो. म्हनलं, साहेब, तुमी चाला, तुमीच म्हनलं होतं ना शिकव, पंचाइच्या म्होरं एवढं एक बोला, क्लबानं सांगितलं म्हना, तुमच्या कोटाले ते मान देतेत. तो म्हने, पुंज्या, क्लब कोनाच्या जातपातीत पडत नाही. कप्तानाले इचारलं, त्याले काही आठवेच नाही. शेटच्या बंगल्यावर गेलो, नोकरानं फाटकातूनच सांगितलं, शेट पूजेले बसले. कप घेताना कोनी पूजेले नव्हतं बसलं! तवा चामडं नव्हतं का ते? का शेटच्या बंगल्यात गेलं का चामड्याची चांदी होते?

इंझोरीले नारायनबुवाच्या वावरातल्या इहिरीवर सारे जमले, भर दुपारी. मी धुऱ्यावर, म्हंजे वावराच्या बांधावर उभा, लांब. पंचानं इचारलं, कोनं लावलं तुह्या डोक्याले चामडं? मी दुरून मान हालवून राह्यलो, घे, घे माह्यं नाव. दुसऱ्यानं इचारलं, कोनं शिकवलं, सांग, घाबरू नोको. बाप म्हने, बोल ना बे. आन तो पोट्टा म्हने, कोनी जबरदस्ती नाही केली, म्या सोता लावलं, आन मले आवडलं.

झालं. वस्तरा फिरवला. मंग त्याले थारोळ्यात बसवलं, जिथं मोट रिकामी होते तिथं, आन बैल हाकलले. मोट वर आली, त्याच्या उघड्या टाळूवर भदाभदा पानी. चामड्याचा दोष धुवाले पानी चामड्यातून काढून राह्यले, मास्तर, आन एकाच्या बी ध्यानात नाही! ती मोट माह्या हातची होती, गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात शिवेल, माहा टाका मी शंभर टाक्यात वळखतो. माह्या तोंडात शबुद आला होता. एक हाक मारली असती त साऱ्याइची फजिती होती. पन मंडपाची माती पडेल होती दारात, शेषरावच्या बहिनीचं लगन मोडलं असतं. मी दात आवळून उभा राह्यलो. त्या गप बसन्याचा मले जेवढा राग हाये तेवढा पंचाइचा बी नाही.

मंग तो धुऱ्यावर आला मले भेटाले, डोकं ओलं. मी त्याले नाही नाही ते बोललो. गाढवा म्हनलं, काहून नाही घेतलं माह्यं नाव? त म्हने, तुमचं नाव घेतलं असतं त यायनं तुमाले मारलं असतं. म्हनलं, मारलं असतं त मारलं असतं, पाठ माही होती ना! तुहे पाय कुठून आनू मी आता? तो म्हने, आन खोटं बी झालं असतं पुंजाबा. मी शिकवलेला पोट्टा, आन मले खरं-खोटं शिकवून राह्यला. मी निंघालो तिथून, मांगं पाह्यलं नाही.

क्लबानं महिन्याभरात दुसरा आनला. शेषरावचं नाव कोनी काढे नाही. मी आरी उचलली आन कारंजा सोडलं.

आता गोरे गेले. शेषराव वावर करते, बहीन नांदून राह्यली बरी. तो धुऱ्यावरून राम राम करते, मी बी करतो, फुटबालचं आमी बोलत नाही. आन ह्या नव्या मनेजरनं तुमच्याजवळ चिठ्ठी धाडली, पुंजाजीले इचारा कोनी पोट्टे हायेत का. हायेत ना. मी थांबलो कुठं, पाय दिसले का डोळे जातेतच. पन मी कारंजा सोडतानाच सांगितलं होतं, आधी क्लबाचा कोनीतरी इंझोरीले येऊन चार लोकात सांगो का आमी सांगितलं होतं, मंग नाव देईन. इतके वर्सं कोनी आलं नाही. आन मी अडून बसलो त झालं काय, दोन चांगले पोट्टे माह्या डोळ्यादेखत मोठे झाले, एक प्रेसमधी कापसाच्या गठाना उचलून राह्यला, त्याची कंबर गेली. शेटचं काय गेलं? मनेजरचं काय गेलं? माह्या रागानं त्या पोट्ट्याइचंच वाटोळं झालं, जसं त्या पंचाइनं शेषरावचं केलं. हे मले रोज खाते.

त लिहा आता चिठ्ठीचं उत्तर. तीन नावं सांगतो. एक आमच्या आसेगावचा दौलत, गुराख्याचा. दोन इंझोरीचे सख्खे भाऊ, वामन आन मोतीराम, वामनचा डावा पाय पाहा म्हना. खेळोत बिचारे, पायाले काटा न लागो त्याइच्या. आन खाली लिहा, तिघंबी वरच्या चेंडूले कपाळ लावतेत. कोनं शिकवलं म्हनून चिठ्ठीत इचारलं नाही, मले मालूम हाये. तरी लिहा. पुंजाजी चांभार, आसेगाव, यानं शिकवलं, क्लबाच्या सांगन्यावरून. मोठ्या अक्षरात लिहा.

लिहलं? आता वाचून दाखवा.