तो आकडा अण्णांनी चुकवला नव्हता

सुमनअक्का, घरची मंडळी, अण्णांच्या कारखान्यातले सोबती, आणि दर रविवारी माझ्याबरोबर दोर घेऊन बस पकडणाऱ्या मित्रांनो,

या गच्चीवर आपण एवढे जण पहिल्यांदाच जमलो आहोत, आणि ज्यांची गच्ची आहे तेच नाहीत. मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून चार दिवस बसून दोन पानं लिहून आणली होती. ती आता वाचत नाही. क्षमा करा.

माझ्या आधी मोहनदादा बोलले. प्रेमानंच बोलले. म्हणाले, "अण्णा कातळावर वाघ, पण आकड्यांत कच्चे. कविताचं मनगट आठवतंय ना?" तुम्ही हसलात. अक्कासुद्धा जरा हसल्या. मला हसता आलं नाही. तो आकडा अण्णांनी चुकवला नव्हता. तो मी चुकवला. मुद्दाम.

शेजारच्या मंडळींना हे आकडे ठाऊक नसतील. कातळावरची एखादी वाट किती अवघड, हे सांगायला आम्ही तिला आकडा देतो. चारपेक्षा पाच अवघड, पाचपेक्षा सहा. एकेका आकड्यात पुन्हा ए, बी, सी, तसंच चढत जाणारं. आणि दोर अडकवायला कातळात ठोकलेले असतात, ते बोल्ट. आमच्यात पद्धत अशी, की नवी वाट कुणी चढला की अण्णा ती स्वतः चढून बघायचे आणि मगच आकडा वहीत लिहायचे. माझं अक्षर बरं, म्हणून वहीतलं पान मी स्वच्छ उतरवायचो. अण्णा खाली सही करायचे. त्याच्या झेरॉक्स सगळ्यांना मिळायच्या.

मी नववीत शाळा सोडली. गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवतो. चांगले मार्क मला कधी कुणी दिले नव्हते. पहिल्यांदा पाच सी चढून खाली आलो, तेव्हा अण्णा म्हणाले, "पास रे तू!" त्या दिवसापासून मला आकड्यांचं वेड लागलं. तुम्हाला माहीत आहे. बसमध्ये तुम्ही माझी त्यावरून किती थट्टा केलीत!

अण्णांना आकड्यांचं काही नव्हतं, असं इथं दोघा-तिघांनी सांगितलं. नाही हो. त्यांच्याइतकी काळजी कोण करायचं? उंच मुलगा "पाच ए" म्हणाला, तर ते म्हणायचे, "तुझा हात कुठवर पोचतो, आणि हिचा कुठवर?" मग आमच्यातल्या ठेंगण्या कविताला चढायला लावायचे, आणि त्यानंतरच पेन काढायचे.

रामनगरला मी ती नवी वाट चढलो, त्या रविवारी कविता आली नव्हती. भर दुपारी, तापलेल्या कातळावर, अण्णा ती दोनदा चढले. खाली येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, "सहा ए. वरचा भाग स्वल्प वाईट आहे बघ. तिसऱ्या बोल्टनंतर हाताला काही लागत नाही." वहीत सहा ए लिहिलं. आणि घरी पान उतरवताना मी लिहिलं, पाच बी.

का? दुसरे त्या वाटेवर धडपडतील, आणि म्हणतील, याला हे नुसतं पाच बी वाटतं! एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मला सांगायला बरं वाटलं असतं.

कवितानं ते पान वाचलं. पाच बी तिला येत होतं. ती पुढं चढत होती, खाली दोर माझ्या हातात होता. तिसऱ्या बोल्टवरून तिनं विचारलं, "पुढं कसं आहे रे?" मी म्हणालो, "सोपं आहे. चल."

ती पडली. दोरावर झोका खाऊन कातळावर आपटली. मनगट मोडलं.

पुढच्या रविवारी मोहनदादांनी विचारलं, "हे पाच बी कुणी ठरवलं?" अण्णांनी पान हातात घेतलं. शेवटपर्यंत वाचलं. म्हणाले, "सही माझी आहे. न वाचता केली. चूक माझी." आणि मी? मी दोर गुंडाळत होतो.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "अण्णा, तुम्ही असं का सांगितलंत?"

"खोटं काय सांगितलं? न वाचता सही केली, तेवढी माझी चूक. तुझी तू सांग."

"कधी?"

"ते मला काय विचारतोस?" मग म्हणाले, "आकडा चढून आलेल्याला काय करायचाय रे? त्याचं झालं की. मान वर करून जो खाली उभा असतो, त्याच्यासाठी तो असतो. त्याला खरं सांगायचं. सरी? कळलं ना?"

"सरी," मी म्हणालो.

दीड वर्ष झालं. अण्णांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. पान उतरवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं नाही. फक्त सहीआधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. कविता चेष्टेनं म्हणायची, "अण्णा, तुमचं ते पाच बी!" ते हसायचे. माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत, मला ओशाळं वाटू नये म्हणून. आणि मी दर शनिवारी ठरवायचो, उद्या सांगू. अण्णा आहेत ना, सांगू. मग त्या मंगळवारी ते मशीनसमोरच कोसळले.

अक्का, तुमच्या माणसाला मी दीड वर्ष माझी चूक वाहायला लावली. मोहनदादा, तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुमचं काही चुकलं नाही.

कविता, तुला वाटलं, ती वाट मला सोपी गेली म्हणूनच मी "सोपं आहे" म्हणालो. पण तिथं हाताला काही लागत नाही, हे मला माहीत होतं. अजून गाठ मारताना तुझं मनगट पूर्ण वळत नाही, तेही मी बघतो. एवढ्या लोकांत मी तुझी माफी मागणार नाही, कारण मग तुला "असू दे" म्हणावं लागेल. तुला जे म्हणायचं, ते तू तुझ्या सवडीनं म्हण.

आता आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये, अण्णांसाठी. त्यानंतर ज्याला मला विचारायचं आहे, त्यानं विचारावं. मी जिना उतरून जाणार नाही.

अण्णा, नमस्कार करतो.